बोहरी आळी ते चार बावडी: पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठा आणि लष्करातल्या फेरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारवाडा, विश्रामबागवाडा आणि तुळशीबाग बघून झाल्यावर पुणं संपतं, असा समज पुण्यातही आहे. आमची अल्पसंख्याक समाजांच्या गल्ल्या आणि प्रार्थनास्थळं दाखवणारी पायी फेरी त्याच्या पुढे सुरू होते. लोक नाव नोंदवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. फेरी कुठून कुठे जाते? चालायचं किती?

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जमायचं. तिथून गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशनचं चर्च, मग नाना पेठेतली पारशी अग्यारी (अग्निमंदिर), रास्ता पेठेतलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), क्वार्टर गेटचं सिटी चर्च, आणि लष्करात, म्हणजे कॅम्प भागात, शिरल्यावर लाल देऊळ (नाव देऊळ, पण हेही सिनेगॉगच). शेवट चार बावडीजवळ हजरत बाबाजान यांच्या दर्ग्यापाशी. आडवळणं धरून चार-पाच किलोमीटर होतात. नकाशावर हे अंतर तासाभराचं दिसतं, पण बोहरी आळीतल्या हातगाड्या, उभ्या केलेल्या दुचाक्या आणि फेरीतल्याच लोकांचे प्रश्न यांत वेळ जातो. साडेतीन तास मोकळे ठेवा. मागाहून "मला साडेदहाला निघायचंय" म्हणणाऱ्यांनी आधीच सांगितलेलं बरं.

२. 'अल्पसंख्याक' म्हणजे तुम्ही कोणाकोणाला धरता?

सरकारी व्याख्येनुसार मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध आणि पारशी हे १९९३ पासून राष्ट्रीय पातळीवर अधिसूचित अल्पसंख्याक आहेत. जैनांची भर २०१४ मध्ये पडली. ज्यूंना महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये हा दर्जा दिला. या यादीतल्या सगळ्यांची ठिकाणं एका सकाळीत होत नाहीत. जैन मंदिरं गुरुवार पेठेत जाता जाता दिसतात, गुरुद्वारा वाटेवर नाही.

पण ही मोजणी कायद्याची झाली. गल्लीत उतरलं की ती फार उपयोगाची नाही. गंज पेठेतल्या मोमीनपुऱ्यात उभं राहिलं तर मुस्लिम तिथे बहुसंख्य आहेत, आणि रास्ता पेठेतल्या ज्यूंची संख्या इतकी घटली आहे की प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष जमवणं हीच चिंता असते. दोघांना एकच शब्द लावून फेरी समजत नाही.

३. हे सगळे समाज पुण्यात आले कधी? इंग्रजांनी आणले का?

सगळे नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

मुस्लिम वस्ती पेशवाईच्या कितीतरी आधीची. कसबा हा परगण्याचा गाव होता तेव्हापासून ती आहे. ख्रिस्ती लोक पेशव्यांच्या फौजेबरोबर आले. त्यांत गोव्याकडचे कॅथलिक आणि पोर्तुगीज वंशाचे अधिकारी होते. त्यांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती, ती सवाई माधवरावांच्या काळात मिळाली आणि १७९२ च्या नाताळात तिथे पहिली मिस्सा (कॅथलिकांची उपासना) झाली. तेच क्वार्टर गेटचं सिटी चर्च. आजची इमारत नंतरची आहे, पण जागेचं दान शनिवारवाड्यातून आलेलं आहे. पेशव्यांचं पुणं म्हणजे फक्त ब्राह्मणांचं पुणं असं मानणाऱ्यांना आम्ही इथे दोन मिनिटं जास्त थांबवतो.

दुसरी लाट नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतरची. इंग्रजांनी पेठांच्या पूर्वेला छावणी वसवली. छावणी आली की तिला धान्य, दारू, कापड, घोडे, टपालगाड्या आणि कारकून लागतात. पारशी कंत्राटदार आणि दुकानदार त्या निमित्ताने आले. बोहरी व्यापारी गुजरातेतून आले, पण त्यांचा पेठेतल्या बाजाराशी संबंध अधिक. कोकणातले बेने इस्रायली ज्यू मुंबई इलाख्याच्या पलटणींमध्ये मोठ्या संख्येने होते. पुढे रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्या यांतही ते दिसतात. बगदादी ज्यू मात्र श्रीमंत मुंबईकर म्हणून आले: मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचा, त्याच्यामागे शेठलोकही बंगले बांधायचे.

त्यामुळे पेठेतली प्रार्थनास्थळं आणि लष्करातली प्रार्थनास्थळं यांत फरक दिसेल. पेठेतली गल्लीत दडलेली, लष्करातली ऐसपैस आवारात.

४. प्रत्येक ठिकाणी आत जायला मिळतं का?

नाही, आणि ते आधीच ठाऊक असलेलं बरं.

अग्यारीत पारशी-इराणी झरथोस्ती सोडून कोणालाही प्रवेश नाही. ओळखीने नाही, देणगीने नाही, "फक्त दारातून" असंही नाही. दोन्ही सिनेगॉगमध्ये आधी परवानगी घेऊनच जाता येतं, आणि ती कधीकधी शेवटच्या दिवशी नाकारली जाते (प्रश्न १४). चर्चमध्ये मिस्सा चालू नसेल तेव्हा कोणीही जाऊन बसू शकतं. दर्गा सगळ्यांना खुला आहे. बोहरी मशीद आम्ही बाहेरूनच दाखवतो.

पैसे परत मागणारे भेटतात: "पाचपैकी दोन जागा बंद होत्या." परत देत नाही. ही ठिकाणं तिकिटाची नाहीत. ज्यांची आहेत त्यांनी दार उघडायचं की नाही हे ठरवायचं, आणि दार बंद असताना बाहेर सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

५. अग्यारीत जाता येत नाही तर बाहेर थांबून करायचं काय?

नाना पेठेतली सरदार सोराबजी रतनजी पटेल अग्यारी १८२४ ची, म्हणजे पेशवाई बुडून सहा-सात वर्षंच झाली होती तेव्हाची. लष्करातली सर जमशेटजी जीजीभॉय अग्यारी १८४४ ची. आपण पहिलीसमोर थांबतो.

बाहेर उभं राहून आम्ही तीन गोष्टी सांगतो. आतला अग्नी विझू दिला जात नाही, मोबेद म्हणजे धर्मगुरू दिवसाच्या पाच प्रहरांना त्याची सेवा करतात. अग्नी हा देव म्हणून पुजला जात नाही, त्याच्या साक्षीने अहुर मझदाची प्रार्थना होते. आणि पारशी व इराणी एकच नव्हेत: धर्म एक, पण पारशांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले, तर इराणी झरथोस्ती एकोणिसाव्या-विसाव्या शतकात यझ्द-केरमानकडून आले. शहरातले जुने इराणी हॉटेलवाले या दुसऱ्या गटातले.

एवढं ऐकून कोणी फाटकातून मान आत घालून पाहू लागलं तर आम्ही मागे बोलावतो. आत कोणीतरी प्रार्थनेला आलेलं असतं.

६. पुण्यात ज्यू मूठभर, मग सिनेगॉग दोन कशी?

कारण ज्यू दोन प्रकारचे होते आणि बराच काळ त्यांच्यात उठबस बेताचीच होती.

लष्करातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, बगदादी ज्यूंचं. डेव्हिड ससून यांनी ते बांधायला घेतलं १८६३ मध्ये, पुरं झालं १८६७ मध्ये. ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले, त्यांची समाधी सिनेगॉगच्या आवारात आहे. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या इंजिनिअर अधिकाऱ्याचा. ससून हॉस्पिटलची जुनी इमारतही त्याचीच. लाल विटा, गॉथिक कमानी, नव्वदेक फुटांचा मनोरा आणि त्यावर घड्याळ. लांबून पाहणारा त्याला हमखास चर्च समजतो.

रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो १९२१ चं, बेने इस्रायलींचं. आकाराने बेताचं, गल्लीत, शोधल्याशिवाय न सापडणारं. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो अशी त्यांची आख्यायिका. अलिबाग-पेण भागात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावंही त्या गावांवरून: किहीमकर, पेझारकर, रोहेकर, दिवेकर.

बगदादी मंडळी अरबी बोलत घरात आणि इंग्रजी दारात. बेने इस्रायलींचं घरदार मराठीत. बगदादींना त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका असायची. हीच शंका पुढे इस्रायलमध्ये गेल्यावर आडवी आली: लग्नाच्या बाबतीत तिथल्या रब्बींनी बेने इस्रायलींकडे वंशाचे पुरावे मागितले, त्याविरुद्ध निदर्शनं झाली आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारला ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं.

आज दोन्ही सिनेगॉग मिळूनही माणसं थोडी आहेत. बहुतेक कुटुंबं १९४८ नंतर टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेली.

७. बेने इस्रायली खरंच मराठीत प्रार्थना करतात का?

प्रार्थना हिब्रूत. पण घरातलं बोलणं, गाणी, सणाची तयारी मराठीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी कीर्तनं रचली, त्यांत जोसेफ, मोशे, डेव्हिड यांच्या कथा अभंग-ओव्यांच्या चालीवर येतात. एलियाहू हनबी म्हणजे प्रेषित एलियाह हा त्यांचा नवसाला पावणारा. अलिबागजवळच्या खंडाळ्याहून तो रथातून स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे आणि तिथल्या खडकावरच्या खुणा त्याच्या घोड्यांच्या टापांच्या मानतात. त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, भोवती फळं. "फेरीत मलिदा मिळेल का?" असं विचारणाऱ्यांसाठी: नाही. तो नवसाचा, शुभकार्याचा प्रसाद आहे, आमच्यासाठी मुद्दाम करायला सांगणं बरं दिसत नाही.

८. कोणता वार बरा?

रविवारी सकाळी. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार असतो, सिनेगॉगचा विचारही करू नका. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाला मशिदींच्या आसपास गर्दी असते. रविवारी सिटी चर्चची मिस्सा असते खरी, पण आपण तिथे पोहोचेपर्यंत लोक बाहेर पडून आवारात गप्पा मारत असतात, आणि त्या गप्पांतूनच पुष्कळ कळतं. योम किप्पूर (ज्यूंचा उपवासाचा दिवस, सप्टेंबर-ऑक्टोबर), गुड फ्रायडे आणि मोहरमच्या दहाव्या दिवशी फेरी ठेवत नाही. गणेशोत्सवात पेठांतले रस्ते बंद असतात, तेव्हाही नाही.

९. रमजानमध्ये फेरी असते का?

सकाळची नसते, संध्याकाळची छोटी फेरी असते: मोमीनपुरा आणि लष्करातला बाबाजान चौक. इफ्तारनंतर निघतो, आधी नाही. उपास सोडायच्या घाईत असलेल्या माणसासमोर कॅमेरा धरणारे लोक आम्ही पाहिले आहेत. खायला जायचं असेल तर जरूर जा, पण दुकानाची वाट अडवून उभे राहू नका. विक्रेत्याचा वर्षाचा धंदा त्या महिन्यात असतो.

१०. कपडे कसे घालायचे? डोकं झाकायचं का?

गुडघे आणि खांदे झाकलेले, एवढं सगळीकडे चालतं. सिनेगॉगमध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं (टोपी, रुमाल काहीही, नाहीतर दारात किप्पा देतात). दर्ग्यात स्त्री-पुरुष दोघांनीही. चपला कुठे काढायच्या हे दारात सांगतील, म्हणून सहज निघणारी पादत्राणं घाला. नव्या बुटांनी येऊ नका.

११. फोटो?

गल्लीतल्या इमारतींचे, बाहेरून, हवे तेवढे. सिनेगॉगचे बाहेरूनही विचारल्याशिवाय नाही, तिथला बंदोबस्तावरचा पोलीस लगेच हटकतो. अग्यारीच्या फाटकाचा काढता येतो, येणाऱ्या-जाणाऱ्या भाविकांचा नाही. दर्ग्यात मजारीसमोर दुआ मागणाऱ्यांचे नाहीत. माणसाचा चेहरा येणार असेल तर आधी विचारा. "आजी, एक फोटो काढू का?" असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात आणि पदर नीट करतात. रील करणाऱ्यांना वेगळा नियम नाही.

१२. मशिदीत किंवा दर्ग्यात बायका जाऊ शकतात का?

बाबाजानच्या दर्ग्यात हो, तो एका स्त्री संताचाच आहे (प्रश्न १७). बाकी दर्ग्यांत सहसा आवारात प्रवेश असतो, मजारीच्या खोलीत जागोजाग वेगळा रिवाज. मशिदीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. पुण्यातल्याच एका दांपत्याने २०१९ मध्ये याबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये शपथपत्र देऊन सांगितलं की बायकांना मशिदीत नमाज पढायला धर्माने मनाई नाही. प्रत्यक्षात मात्र अनेक मशिदींत त्यांच्यासाठी वेगळी जागाच नाही. म्हणून आम्ही मशिदीत गट घेऊन जात नाही: अर्ध्या लोकांना बाहेर उभं करून अर्ध्यांना दाखवणं पटत नाही.

१३. पंचहौदच्या चहाची गोष्ट खरी का? नुसत्या चहावरून एवढं?

खरी आहे, आणि चहापेक्षा पुढचं जास्त रंगतदार आहे.

पंचहौद मिशन अँग्लिकन पंथाचं. तिथलं पवित्र नाम देवालय १८८५ चं. त्याचं उंच घंटाघर गुरुवार पेठेत कुठूनही दिसतं. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमध्ये व्याख्यान ठेवून शहरातल्या नामवंतांना बोलावलं होतं. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी कपाला नुसता हात लावला, कोणी तेवढंही केलं नाही.

गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान, यांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. ख्रिस्त्याच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे तक्रार केली, चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली. टिळकांनी सांगितलं की आपण काशीला प्रायश्चित्त आधीच घेतलं आहे. रानड्यांनी शेवटी घरच्यांना आणि बरोबरच्यांना त्रास नको म्हणून प्रायश्चित्त घेतलं, त्यावरून सुधारकांनी त्यांनाच झोडपलं. ज्यांनी चहा पाजला त्या मिशनऱ्यांचं काहीच बिघडलं नाही. आमच्या मते या प्रकरणात सगळ्यात मजेत गोपाळराव होते.

फेरीत आपण देवालयाच्या आवारात थांबतो. ते आजही चालू चर्च आहे आणि उपासना मराठीत होते.

१४. सिनेगॉगला ओळखपत्र कशाला? परदेशी पाहुण्याला आणलं तर?

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, तिथून खबाद हाउस हे पुण्यातलं ज्यू केंद्र जवळच होतं. तेव्हापासून पुण्यातल्या ज्यू ठिकाणांना पोलीस संरक्षण आहे. नोंदणीच्या वेळी नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट. फेरीच्या दिवशी मूळ ओळखपत्र सोबत. मोठ्या बॅगा आणू नका. पश्चिम आशियात काही घडलं की परवानगी आदल्या रात्रीही रद्द होते. अशा वेळी लाल देऊळ रस्त्यापलीकडून बघून आपण पुढे जातो.

१५. फिरताना लोकांना काय विचारू नये?

"तुम्ही आता किती उरलात?" हा पहिला. पारशी आणि ज्यू मंडळींना हा प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागतो की उत्तरातला कंटाळा लपत नाही.

"तुम्ही मूळचे कुठले?" हा दुसरा. रास्ता पेठेत जन्मलेल्या माणसाचं मूळ रास्ता पेठ. कोकण, बगदाद, इराण हे तो सांगेल, त्याला सांगावंसं वाटलं तर.

तिसरा पारशांना: दोखम्याबद्दल, म्हणजे जिथे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवतात त्या जागेबद्दल. गिधाडांचा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, आणि नेमका अग्यारीसमोर. म्हणून उत्तर इथेच देतो. भारतातली गिधाडं १९९० च्या दशकापासून झपाट्याने नाहीशी झाली. कारण होतं डायक्लोफिनॅक हे जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक. औषध दिलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. तोवर पारशी अंत्यविधीची जुनी पद्धत अडचणीत आली होती, आणि त्यावर समाजात आजही दोन मतं आहेत. दफन किंवा दहन करणारे वाढले, जुन्या पद्धतीचा आग्रह धरणारेही आहेत. बाहेरच्याने यात बाजू घ्यायचं कारण नाही.

चौथा मुस्लिम दुकानदाराला, दर वेळी ताज्या बातमीवरून. त्याचं मत जाणून घ्यायचं असेल तर आधी त्याच्याकडून काहीतरी विकत घ्या आणि हवापाण्याचं बोला.

१६. पूर्वी पुण्यातले हिंदू ताबूत बसवायचे म्हणतात. खरं का?

हो. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या मोहरममध्ये अनेक जातींचे हिंदू सामील व्हायचे: ताबूत, मिरवणूक, वाजंत्री, नवस. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगे झाले, त्यानंतर १८९४ पासून पुण्यात हिंदूंनी मोहरमवर बहिष्कार घालावा असा प्रचार झाला, आणि त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव व त्यातले मेळे उभे राहिले. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून झाल्या, आणि फेरीत आम्ही त्या तशाच सांगतो. एखाद्याला ते रुचत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात पंजे आणि पीर नाचवणारी हिंदू घराणी अजूनही आहेत.

१७. बाबाजानच्या दर्ग्यात पारशी आणि परदेशी लोक का दिसतात?

मेहेरबाबांमुळे. हजरत बाबाजान या पठाण बाई, फकिरी घेतलेल्या. अखेरची बरीच वर्षं त्या चार बावडीच्या कडुनिंबाखाली रस्त्यावरच बसत. पाऊस, ऊन, लष्करी वाहनांची ये-जा, काहीही असो. पुण्यातच १८९४ मध्ये जन्मलेला मेरवान शेरियार इराणी डेक्कन कॉलेजात शिकत होता. १९१३ मध्ये सायकलवरून जाताना त्याची बाबाजानशी गाठ पडली. पुढे तोच मेहेरबाबा म्हणून जगभर ओळखला गेला. बाबाजान सप्टेंबर १९३१ मध्ये गेल्या आणि त्या झाडापाशीच त्यांची मजार झाली.

एक मुस्लिम स्त्री फकीर, तिचा झरथोस्ती शिष्य, त्याचे अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन भक्त, आणि रोज संध्याकाळी डोकं टेकवून घरी जाणारे आसपासचे हिंदू-मुस्लिम. फेरी इथे संपवण्याचं हेच कारण.

१८. ससून, जीजीभॉय यांच्या दानाचा पैसा अफूचा होता ना? ते का सांगत नाही?

सांगतो. डेव्हिड ससून बगदादहून १८३० च्या दशकात मुंबईला आले. त्यांच्या घराण्याचा धंदा कापूस, कापड आणि चीनला जाणारी अफू असा होता. सर जमशेटजी जीजीभॉय यांचीही संपत्ती चीनच्या व्यापारातली, त्यात कापसाबरोबर अफू होती. तो व्यापार त्या वेळी कंपनी सरकारच्या आशीर्वादाने चालायचा आणि मुंबईतले हिंदू, पारशी, मुस्लिम, ज्यू, इंग्रज सगळे त्यात होते. त्याच पैशातून ससून हॉस्पिटल उभं राहिलं आणि मुळा-मुठेवर जमशेटजींचा बंधारा झाला. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगाव्या लागतात. एखाद्या समाजाच्या माथी अफू मारायची आणि बाकीच्यांना सोडायचं, एवढं मात्र आम्ही करत नाही.

१९. कसब्यातले शेख सल्ला दर्गे फेरीत का घेत नाही?

त्या जागी पूर्वी पुण्येश्वर आणि नारायणेश्वर अशी देवळं होती असं परंपरेने सांगितलं जातं, आणि त्यावरून आज वाद पेटलेला आहे. वीस जणांच्या गटाने तिथे उभं राहून मोठ्याने इतिहास सांगणं म्हणजे त्या गल्लीत राहणाऱ्यांना नसता ताप. ज्यांना हा विषय समजून घ्यायचा आहे त्यांनी पुण्याचे जुने गॅझेटियर आणि इतिहासाची पुस्तकं वाचावीत. शिवाय कसबा आपल्या वाटेवर नाही.

२०. मार्गदर्शक त्या-त्या समाजातला असतो का?

नेहमी नाही. फेरी आम्ही नेतो, पण रास्ता पेठ आणि सिटी चर्च इथे जमेल तेव्हा तिथलीच एखादी व्यक्ती बोलते. त्यांचं आणि आमचं सांगणं जुळलं नाही तर दोन्ही ऐका. श्रद्धेबद्दल त्यांचा शब्द वरचा, सनावळीबद्दल वाद घालायला हरकत नाही.

२१. कोणाच्या घरी नेता का?

नाही. कोणी स्वतःहून चहाला बोलावलं तर दोघे-तिघे जा, पूर्ण गट नको.

२२. लहान मुलं, वयस्कर माणसं, व्हीलचेअर?

दहा वर्षांवरची मुलं मजेत चालतात. वयस्करांनी क्वार्टर गेटपासून पुढचा अर्धा भाग घ्यावा, लष्करात पदपथ त्यातल्या त्यात बरे आहेत. व्हीलचेअरसाठी पेठेतल्या गल्ल्या खरोखर अवघड आहेत. आधी कळवलंत तर लष्करापुरती वेगळी आखणी करतो.

२३. खायचं कुठे?

फेरीच्या शुल्कात खाणं नाही. संपल्यावर ज्याचा तो मोकळा. डोराबजी अँड सन्स १८७८ पासून आहे, बिर्याणी आणि धनसाक तिथे. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची, श्रुजबेरी बिस्किटांसाठी रांग असते आणि दुपारी दुकान बंद असतं, म्हणून वेळ बघून जा. कयानी इराण्यांची, डोराबजी पारशांचं (फरक प्रश्न ५ मध्ये).

२४. देणगी द्यावी का? किती?

शुल्काचा काही भाग आम्ही ठिकाणांना देतोच. त्याउपर पेटीत टाकायचं असेल तर टाका, कोणाच्या हातात देऊ नका. दर्ग्याबाहेर चादर-फुलं विकणारे मागे लागतील. घ्यायलाच हवी असं नाही.

२५. मी स्वतः कॅथलिक (किंवा पारशी, बोहरी, बेने इस्रायली) आहे. मला यात नवीन काय?

तुमच्या गल्लीबद्दल कदाचित काहीच नाही, बाकीच्या चार गल्ल्यांबद्दल बरंच. पारशी पाहुणे अग्यारीत जाऊन लोबान-सुखड चढवून येतात, तोवर गट बाहेर थांबतो. त्याला साधारण वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ धरून आखणी करावी लागते, म्हणून नोंदणीच्या वेळीच कळवा. आणि आमच्या सांगण्यात तुमच्या समाजाबद्दल काही खटकलं तर सगळ्यांसमोर बोला, फेरी संपल्यावर कानात नको.